चांगल्या वर्तणुकीची दोन वर्षं

कौशल्याबाईंनी मॅडमच्या हातातलं पेन घेतलं, फॉर्मवरच्या अकराव्या ओळीवर एक आडवी रेघ मारली आणि पेनाला टोपण लावून ते परत दिलं.

"बाकी समदं बराबर हाये," त्या म्हणाल्या. "हे एक खोटं हाये."

प्रमोदिनी मॅडमनी फॉर्म स्वतःकडे वळवला. चौदा वर्षांच्या नोकरीत त्यांनी असे फॉर्म शेकड्यांनी भरले होते, पण अकराव्या ओळीकडे त्यांचं कधी लक्ष गेलं नव्हतं. ती भरायचीच नसे. ती छापूनच आलेली होती : 'आरोपीस केलेल्या कृत्याचा पश्चात्ताप झालेला आहे.' मोटार चोरणारा असो, भावाचं डोकं फोडणारा असो की दुसऱ्याच्या बांधावरचा साग तोडणारा असो, सगळ्यांना पश्चात्ताप झालेलाच असे. खाली सही होई आणि अहवाल कोर्टात जाई.

गुन्हा शाबीत झालाय, पण हा माणूस तुरुंगात घालण्याजोगा आहे का, असा प्रश्न कोर्टाला पडला की प्रमोदिनी मॅडमना पाठवण्यात येई. त्या परिवीक्षा अधिकारी. हा शब्द गावात कुणाच्या जिभेवर बसत नसल्यामुळे लोक त्यांना सरळ सुटकेवाली मॅडम म्हणत. त्यांनी घरी जायचं, शेजारीपाजारी विचारायचं, माणूस कसा आहे ते पाहायचं आणि लिहायचं. अहवाल चांगला गेला तर कोर्ट शिक्षा बाजूला ठेवून, चांगलं वागण्याच्या बोलीवर माणसाला घरी पाठवी. त्यासाठीच त्या आज वर्ध्याहून एसटीने निघून, सेलूला गाडी बदलून सावळखेडला आल्या होत्या आणि एका किराणा दुकानात, तेलाच्या डब्यांशेजारी टाकलेल्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"हे खोडलं तर कोर्टातले साहेब काय समजतील, कळतंय ना तुम्हाला?" मॅडमनी विचारलं. "वर्ष-दोन वर्षं आत जाऊ शकता तुम्ही. एकसष्टाव्या वर्षी."

गल्ल्यावर बसलेल्या नीलेशने, कौशल्याबाईंच्या मुलाने, हातातला साखरेचा पुडा आपटला.

"माय, सही कर अन् मोकळी हो. एका ओळीनं काय जाते तुह्यं?"

कौशल्याबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. दारात एक बाई बेसन मागत होती, ते त्यांनी मोजून दिलं, पुडी बांधली आणि मग त्या परत येऊन बसल्या.

प्रकरण तसं सगळ्या गावाला ठाऊक होतं. वर्धा जिल्ह्यात दारूला बंदी आहे, म्हणजे दारू मिळत नाही, असं फक्त कागदाला वाटतं. सावळखेडमध्ये ती कवडूच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, मिळायची. तीन वर्षांपूर्वी लीलाबाईचा नवरा त्या कोठ्यातून निघाला आणि घराऐवजी कॅनॉलमध्ये पोहोचला. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या पाच बाया कोठ्यात शिरल्या. मोहाच्या सडव्याची, म्हणजे दारूसाठी आंबवलेल्या रसाची, आठ पिंपं त्यांनी उलटी केली. कवडू आडवा आला. कौशल्याबाईंच्या हातात कपडे धुवायची मोगरी होती, ती त्याच्या मनगटावर बसली आणि हाड मोडलं. पंचनामा होईपर्यंत सडवा जमिनीत जिरून गेला होता. राहिलं ते मोडलेलं दार आणि मोडलेलं मनगट. कोठ्यात आपण कुटार, म्हणजे गुरांचा भुसा, भरतो, बायांनी घरात घुसून मारलं, अशी तक्रार कवडूने दिली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

बाकी चौघींची नावं कौशल्याबाईंनी शेवटपर्यंत सांगितली नाहीत. कोर्टात उभ्या राहून त्या म्हणाल्या, मीच मारलं, चुकून लागलं नाही. त्यांचा वकील सुश्रुत कोर्टानेच फुकट दिलेला होता आणि वयाने कोवळा होता. त्याने तेव्हा कपाळाला हात लावला होता.

"कौशल्याबाई," मॅडमनी आवाज खाली आणला, "मनात काय आहे ते मनात ठेवा. कागदापुरतं म्हणा."

"मले पस्तावा हाये, बाई. पन तो येगळा हाये. लीलीचा नवरा जायच्या आंदी मी थ्या कोठ्यात गेली असती, तं तो जित्ता असता. हे लिवता का तुमच्या रकान्यात?"

मॅडमनी फॉर्मची घडी घातली. त्यांना राग आला होता, आणि तो नेमका कुणाचा हे त्यांनाच कळत नव्हतं.

परतीच्या गाडीत त्यांनी पर्समधून कायद्याचं पातळ पुस्तक काढलं. एकोणीसशे अठ्ठावन्नचा कायदा. पुस्तकावर अण्णाजींचं नाव होतं. अण्णाजी म्हणजे त्यांच्या आधीचे अधिकारी, ज्यांच्या हाताखाली त्या शिकल्या. परीक्षेपुरतं वाचलेलं ते कलम त्यांनी चौदा वर्षांनी पुन्हा नीट वाचलं. गुन्हा कसा घडला ते पाहा, तो कोणत्या प्रकारचा आहे ते पाहा, माणसाचं चारित्र्य पाहा. बस्स. त्यांनी मागची पानं पाहिली, पुढची पाहिली. पश्चात्ताप हा शब्द कुठेच नव्हता.

घरी पोहोचल्यावर त्यांनी आर्वीला अण्णाजींना फोन लावला. म्हातारा अजून ठणठणीत होता. प्रश्न ऐकून तो खळखळून हसला.

"अगं, तो रकाना मीच टाकला होता. एकोणनव्वद साली. साहेब लोकांना वाचायला बरं वाटायचं."

"आणि नंतर कोणी विचारलं नाही?"

"छापून आलेलं कोण विचारतं, प्रमोदिनी?"

प्रमोदिनी मॅडमनी फोन ठेवला. पस्तीस-छत्तीस वर्षं जिल्ह्यातली माणसं साहेबांना बरं वाटावं म्हणून पस्तावत आली होती, आणि त्यातली चौदा वर्षं त्यांच्या स्वतःच्या सहीने. त्यांना स्वतःची लाज वाटली. लाजेपेक्षा जास्त, चीड आली. त्यांनी छापील फॉर्म बाजूला सारला आणि कोरा कागद घेऊन अहवाल हाताने लिहायला सुरुवात केली.

*

शिक्षेच्या तारखेला साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. दुसऱ्यांदा त्यातला एक भाग मोठ्याने वाचला. 'आरोपीस पश्चात्ताप नाही. तसे आरोपीने स्पष्ट सांगितले. आरोपी स्वतःच्या फायद्यासाठीही खोटे बोलत नाही, असे मला आढळले. पूर्वीचा एकही गुन्हा नाही. गावात शब्दाला मान आहे. परिवीक्षेवर सोडण्यास योग्य.'

त्यांनी चष्मा काढला.

"मॅडम, हा अहवाल आरोपीच्या बाजूने आहे की विरुद्ध?"

"खरा आहे, सर."

सुश्रुतने मान खाली घातली. आता हे पण गेलं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. पण साहेबांनी थोडा वेळ कौशल्याबाईंकडे पाहिलं आणि हुकूम सांगितला. शिक्षा आत्ता नाही. दोन वर्षांचं बंधपत्र. त्या मुदतीत शांतता राखायची, कुणावर हात टाकायचा नाही, कुणाच्या जागेत घुसायचं नाही, बोलावलं की हजर व्हायचं. प्रमोदिनी मॅडमनी देखरेख ठेवायची. अट मोडली तर पुन्हा उभं करून मूळ गुन्ह्याची शिक्षा. आणि वीस हजारांचा एक जामीनदार, आजच्या आज.

जामीनदारापाशी घोडं अडलं. लीलाबाई आणि कोठ्यात शिरलेल्यांपैकी रुख्माबाई सकाळपासून कोर्टाच्या व्हरांड्यात बसल्या होत्या. दोघी पदर खोचून पुढे आल्या. आमची नावं लिहा म्हणाल्या. पण जामीनदाराच्या स्वतःच्या नावावर काहीतरी लागतं, आणि सावळखेडमधल्या सगळ्या बायांच्या नावावर मिळून एक गुंठा जमीन नव्हती. ज्यांच्या नावावर होती त्यांच्यातले बरेच जण संध्याकाळी कवडूकडे बसायचे.

राहिला नीलेश. घर आणि दुकान त्याच्या नावावर होतं. तो खांबाला टेकून उभा होता.

"राह्यतो जामीनदार," तो म्हणाला. "पन पहिले लिहून दे, का कवडूच्या गल्लीत पाय ठेवशीन नाई. कायमचं."

"कायमचं?"

"कायमचं. गिऱ्हाईक तुटून राह्यलं आपलं, माय. पोरं हसते मले."

कौशल्याबाईंनी मान हलवली. मुलाशी भांडावं असं त्यांच्या मनात नव्हतं. त्याचंही खोटं नव्हतं. तो पानटपरीकडे निघून गेला. घड्याळात पावणेचार वाजले होते. साडेपाचपर्यंत जामीनदार आला नाही तर बाईंना आत पाठवावं लागेल, असं कोर्टातला कारकून दोनदा येऊन सांगून गेला.

आणि तेव्हा, जिन्यापाशी इतका वेळ बसलेला कवडू उठून आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत सातबाऱ्याचा उतारा आणि घरटॅक्सची पावती होती. म्हणजे गडी घरूनच तयारीने आला होता.

"मी राह्यतो ना काकू तुमचा जामीनदार," तो म्हणाला. मग वाकून, फक्त जवळच्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला, "दोन वर्षं. शांततेनं राहा. तुमी बी निवांत, मी बी निवांत."

प्रमोदिनी मॅडमना सगळं एका क्षणात दिसलं. बाई तुरुंगात गेली असती तर गाव पेटलं असतं, बाया पाचाच्या वीस झाल्या असत्या. बाई घरात, सहीने बांधलेली, हात खाली, यापरतं कवडूला काय हवं होतं? सुंठीवाचून खोकला गेला. आणि ती सुंठ वाचवून दिली होती खुद्द त्यांनीच, हाताने अहवाल लिहून.

त्यांनी कौशल्याबाईंना बाजूला घेतलं. नाही म्हणा, त्या म्हणाल्या. एखादी रात्र काढावी लागली तरी चालेल, उद्या दुसरा कुणीतरी बघू, मी सुश्रुतला लावते कामाला.

कौशल्याबाई कवडूकडे पाहत होत्या. पाहत पाहत त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"बाई, मी काई केलं तं ते वीस हजार कोनाचे जाईन?"

"त्याचे. जामीनदाराचे."

"अन् मले कोनी भांडाले लावलं, अन् माह्या हातून झालं तं?"

"तरी त्याचेच. आणि तुम्ही आत."

कौशल्याबाईंनी "हं" केलं. मग त्या चालत कारकुनाच्या टेबलापाशी गेल्या.

"लिवा त्याचं नाव."

साहेबांनी कवडूला विचारलं, जखमी झाला होता तो तूच ना? कवडूने हात जोडले. गावचीच आहे, मोठी आहे, मनात काही ठेवलं नाही, म्हणाला. साहेबांना बरं वाटलं. इतक्या वर्षांत फिर्यादी आरोपीला जामीन राहिलेला पाहिला नव्हता, असंही ते म्हणाले. दारावरच्या शिपायालासुद्धा भरून आलं. कौशल्याबाईंनी दोन पानांच्या बंधपत्रावर दोन्हीकडे पूर्ण नाव लिहून सही केली.

*

पुढच्या महिन्यात मॅडम देखरेखीसाठी सावळखेडला गेल्या तेव्हा नीलेशचं दुकान छान चाललं होतं आणि कवडूचं त्याहून छान. लीलाबाईने सांगितलं की पूर्वी आठ पिंपं होती, आता अकरा आहेत. कोठ्याच्या दाराला नवीन पत्रा लागला होता. कवडू रोज सकाळी मुद्दाम दुकानावरून जाई आणि "नमस्कार काकू" म्हणे. बाया आता कौशल्याबाईंकडे फारशा येत नव्हत्या. आल्या तर साखर-चहापत्ती घेऊन निघून जात. डोळ्याला डोळा देत नसत. ज्यांच्यासाठी बाईने स्वतःच्या अंगावर सगळं घेतलं, त्यांना आता तिच्यासमोर उभं राहवत नव्हतं.

मॅडमनी चहा घेतला नाही. सुटका म्हणून आपण माणसाच्या हातात नेमकं काय देतो, हा विचार त्यांना या महिनाभरात पुष्कळदा आला होता.

"मला असं करायचं नव्हतं," त्या म्हणाल्या.

कौशल्याबाईंनी पेटीतून बंधपत्राची नक्कल काढली. सातवी शिकलेल्या होत्या, पण कोर्टाची मराठी त्यांना पुरी पडत नव्हती.

"हे वाचून दावा. सावकाश वाचा."

मॅडमनी वाचलं. प्रत्येक अट आली की कौशल्याबाई थांबवत आणि होकार देत. हात टाकायचा नाही. हाव. कुणाच्या जागेत, घरात, कोठ्यात शिरायचं नाही. हाव. शिवीगाळ, धमकी, आरडाओरडा नाही. हाव. गाव सोडून जाताना कळवायचं. मी कुठं जातो, त्या म्हणाल्या.

"संपलं?"

"संपलं."

"बसाले मनाई नाई?"

"कुठे बसायला?"

"समाजमंदिराच्या ओट्यावर."

मॅडमनी उठून दुकानाच्या दारातून बाहेर पाहिलं. सिमेंटचा रस्ता, रस्त्याच्या एका अंगाला समाजमंदिराचा लांबलचक ओटा, आणि ओट्याच्या बरोबर समोर, दहा पावलांवर, नव्या पत्र्याचं दार.

"ओट्यावर बसायला कोण मनाई करणार?" त्या म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना हसू आलं.

*

दिवाळीनंतर मॅडम रजेवर होत्या, तेव्हाच्या दोन भेटी बदलीच्या माणसाने केल्या. बाई नीट आहे, एवढंच त्याने लिहिलं. मॅडम पुन्हा स्वतः गेल्या त्या जानेवारीत. गाडी उशिरा लागली आणि त्या उतरल्या तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. थंडी पडायला लागली होती.

ओट्यावर नऊ बाया बसल्या होत्या. मधोमध तुरीच्या हिरव्या शेंगांचा ढीग होता आणि प्रत्येकीच्या मांडीवर सूप. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. शेंगा सोलल्याचा तेवढा आवाज येत होता. कौशल्याबाई ओट्याच्या अगदी कडेला, पत्र्याच्या दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. सुरुवातीचे बारा दिवस त्या एकट्याच बसल्या होत्या, हे मॅडमना नंतर लीलाबाईकडून कळलं. तेराव्या दिवशी रुख्माबाई सूप घेऊन आली आणि काही न बोलता शेजारी बसली.

मॅडम रस्त्याच्या वळणावर थांबून पाहत राहिल्या. खालच्या आळीतून भैयाजी आला. पन्नाशीचा माणूस, खांद्यावर दुपट्टा. ओटा दिसला तशी त्याची चाल मंदावली.

"कोन, भैयाजी का?" कौशल्याबाईंनी विचारलं. आवाज अगदी घरचा होता. "सपनाले पाहाले पावने कवा येऊन राह्यले?"

"उद्या, काकू."

"बरं झालं. पोरगी गुनाची हाये तुही. उद्या चांगला सदरा घालजो."

भैयाजीने दुपट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. समोरच्या दाराकडे त्याने एकदा पाहिलं. मग उद्याचं सामान आणायचं राहिलंय, असं काहीतरी पुटपुटत तो नीलेशच्या दुकानाकडे वळला.

त्याच्या मागून आणखी एक आला. त्याला आईच्या खोकल्याचं विचारण्यात आलं. तिसऱ्याला त्याच्या मुलीच्या बारावीच्या अभ्यासाचं. कुणी दारूचा द सुद्धा काढत नव्हतं. उपदेश झाला असता तर माणसं उलट बोलली असती, हट्टाने आत गेली असती. पण प्यायला निघालेल्या माणसाला जगात एकच गोष्ट सहन होत नाही, ती म्हणजे घरच्यांची चौकशी. तोही "बरी हाये काकू" म्हणून, रस्ता चुकल्यासारखा, पुढे निघून जाई. अर्ध्या तासात मॅडमनी अकरा जण मोजले. पत्र्याचं दार दोनदाच वाजलं, आणि ते दोघेही परगावचे होते.

"मॅडम!"

कवडू कोठ्याच्या बाजूच्या बोळीतून हाका मारत होता. तो वाळला होता. इस्त्रीचा शर्ट नव्हता.

"माह्यं नाव काढून टाका थ्या कागदातून," तो म्हणाला. "मले नाई राह्याचं जामीनदार."

काढता येईल, मॅडम म्हणाल्या. जामीनदाराला मोकळं होता येतं. कोर्टात अर्ज करावा लागतो आणि अर्जात कारण लिहावं लागतं. तेव्हा कारण सांगा.

"तरास देते थे."

"मारलं?"

"नाई."

"शिव्या दिल्या? धमकी दिली? जागेत शिरल्या?"

"नाई. बसते."

"कुठे?"

"थ्या ओट्यावर."

"ओटा कुणाचा आहे?"

मग कवडूने सगळं एकदम ओकलं. बाईशी कुणी भांडू नये म्हणून तो स्वतः लोकांच्या पाया पडत फिरत होता. मागच्या आठवड्यात दोन पोरं पिऊन ओट्याकडे निघाली, तर यानेच त्यांना धरून मागे ओढलं, कारण तिथे झटापट झाली असती तर पैसे याचे गेले असते. गावात लोक आता त्याला काकूचा शिपाई म्हणत. हात दाखवून अवलक्षण ते हेच. दोन महिन्यांत गिऱ्हाईक—

तो थांबला.

"कशाचं गिऱ्हाईक?" मॅडमनी विचारलं.

तक्रारीत, साक्षीत, उलटतपासणीत, सगळीकडे त्याने सांगितलं होतं की कोठ्यात कुटार भरतो. कुटाराला संध्याकाळी सहा वाजता माणसं येत नाहीत.

"अर्ज करायचा असेल तर मी नमुना देते," मॅडम म्हणाल्या. "जे आत्ता मला सांगितलं ते सगळं लिहा. गिऱ्हाइकाचं पण. कोर्ट विचार करेल."

"राहू द्या," कवडू म्हणाला.

मग मॅडमनी पर्समधून देखरेखीचा कागद काढला. आता आलातच आहात तर जामीनदार म्हणून तुमचं म्हणणं घेते, त्या म्हणाल्या. आरोपीची वर्तणूक गेल्या तीन महिन्यांत कशी होती? वाईट असेल तर वाईट सांगा, मी तसंच लिहीन. मी छापील लिहीत नाही आता.

कवडूने ओट्याकडे पाहिलं. वाईट म्हणावं तर का ते सांगावं लागणार होतं. बोळीच्या तोंडाशी परगावचे ते दोघे जण, आता पुरते तर्र, भिंतीचा आधार शोधत होते.

"चांगली हाये," तो म्हणाला.

"शांतता राखतात?"

"राखते."

मॅडमनी ते त्याच्याच शब्दांत लिहिलं, वाचून दाखवलं, आणि खाली त्याची सही घेतली. नाव सावकाश, एकेक अक्षर दाबून लिहून तो बोळीत निघून गेला.

मॅडम ओट्यापाशी आल्या. बायांनी सरकून जागा केली. कुणीतरी त्यांच्यापुढे मूठभर सोललेले दाणे धरले, ते त्यांनी खाल्ले. कौशल्याबाईंनी साडीला हात पुसले आणि कागद घेतला. कवडूचं म्हणणं त्यांनी ओठ हलवत वाचलं. हसल्या नाहीत. खाली आपली सही केली.

"सव्वातीन महिने झाले," मॅडम म्हणाल्या. "राहिले एकवीस. संपले की तुम्ही मोकळ्या."

"अन् हा?"

"तोही. जामीनदारी संपली."

कौशल्याबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. एक शेंग उचलली, पण सोलली नाही.

"वाढवून नाई भेटत का?"

"बंधपत्र? नाही." मॅडमनी कागद पर्समध्ये ठेवला. "म्हणजे कायद्यात तीन वर्षांपर्यंत देता येतं. साहेबांनी दोनच दिली."

कौशल्याबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू आता रागावणारच.

"मंग तवाच सांगाचं नाई का, बाई, त्याईले?"